कोणती तपासणी, कशासाठी?

मागील चातुर्मासातील प्रसंग आहे. कामठा येथे धानाचा व्यापार करणारे माझे चुलतबंधू सकाळी गादीवर बसून वही लिहीत होते. अचानक त्यांच्या उजव्या हातातून पेन गळून पडले आणि बोलणे अडखळू लागले. आम्ही सर्व त्यांना दादा म्हणतो. पुतण्याने मला फोन केला, तेव्हा मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "गोंदियात वेळ घालवू नका. थेट नागपूरला न्या आणि एमआरआयच करा." पैशांची अडचण नव्हती. जो माल महाग तो चांगला, हा आपला नेहमीचा हिशेब मी तेथेही लावला. वाहन मिळून नागपूरला दाखल होईपर्यंत पाच तास उलटले. तेथील डॉक्टरांनी सर्वप्रथम केला तो साधा सीटी स्कॅन. तो तर गोंदियातही झाला असता.

पक्षाघात दोन प्रकारांनी येतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात, उपचार मात्र परस्परविरुद्ध असतात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेच रक्तस्रावात दिले तर जिवावर बेतते. रक्तस्राव आहे की नाही, हे सीटी स्कॅन काही मिनिटांत सांगतो. एमआरआय अधिक सूक्ष्म दाखवितो हे खरे, परंतु त्यास वेळ लागतो. दादांना गुठळीच होती आणि इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. काही रुग्णांमध्ये त्यानंतरही नळीवाटे गुठळी काढता येते. दादांच्या बाबतीत ते शक्य नव्हते. आज ते डाव्या हाताने सही करतात. बँकेतील त्यांच्या सहीचा नमुना बदलण्याचा अर्ज मीच लिहून दिला.

त्यानंतर या यंत्रांविषयी मी परिचित डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

एक्स-रे सर्वांत जुना. रॉन्टगेन यांनी 1895 साली या किरणांचा शोध लावला. हाडे किरणांना अडवितात, म्हणून अस्थिभंग व छातीचे विकार यांसाठी तो आजही पुरेसा ठरतो. सीटी स्कॅन म्हणजे हेच किरण शरीराभोवती फिरवून संगणकाने घेतलेले पातळ काप. 1971 साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. अपघात, फुप्फुसे, मूत्रखडा यांत त्याची गती उपयोगी पडते. मात्र पोटाच्या एका सीटीत छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक किरणोत्सर्ग मिळू शकतो. "एकदा सगळेच तपासून टाका" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, केवळ ध्वनिलहरी असतात. पित्ताशयातील खड्यांसाठी डॉक्टर प्रथम तीच सांगतात, कारण खडे तिच्यात उत्तम दिसतात. ती स्वस्त आहे म्हणून तिला कमी लेखू नये. हाड आणि वायू यांपलीकडे मात्र तिला दिसत नाही.

एमआरआयमध्येही किरणोत्सर्ग नसतो. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या साह्याने शरीरातील पाण्याच्या कणांकडून चित्र घेतले जाते. पाठीचा मणका, गुडघ्याचे स्नायुबंध व मेंदू यांसाठी त्यास तोड नाही. परंतु तो चुंबक सदैव जागृत असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. पेसमेकर वा शरीरात बसविलेला कोणताही धातू असल्यास आधीच सांगावे. दागिने, किल्ल्या व मोबाइल बाहेरच ठेवावेत.

पेट स्कॅन बहुधा कर्करोगासाठी करतात. शर्करेसारखे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ज्या पेशी अधिक साखर खातात त्या उजळून दिसतात. हे द्रव्य सुमारे 110 मिनिटांत निम्मे होते, म्हणून दिलेली वेळ चुकवू नये.

आता आपल्या घरांपुरते एक. पेट स्कॅनपूर्वी बहुधा सहा तास उपाशी राहावे लागते, पण पाणी चालते, किंबहुना प्यावेच लागते. ओटीपोटाच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले हवे. सीटीमध्ये आयोडीनयुक्त औषध शिरेतून देणार असतील तर त्यापूर्वी क्रिएटिनिन तपासतात आणि नंतर भरपूर पाणी प्यावयास सांगतात. कोरडे पडलेले शरीर मूत्रपिंडास बाधक ठरू शकते. चौविहार उपवासात पाणीच वर्ज्य, मग हे कसे जमणार? आपल्याकडील वडीलधारी मंडळी तपासणीच्या वेळी उपवासाची गोष्ट संकोचाने सांगत नाहीत. तातडी नसेल तर पर्युषणानंतरची तारीख मागावी, आणि तातडी असेल तर पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांना व गुरुमहाराजांना विचारावे. मधुमेहाची औषधे चालू असल्यास तेही सांगावे, कारण मेटफॉर्मिनसारखी गोळी काही रुग्णांना थांबवावी लागते. आणि जुन्या फिल्म व अहवाल सोबत न्यावेत. आधीचे चित्र समोर असले तर तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ पुष्कळदा येत नाही.