मागून येणारा आवाज

रमजानच्या रात्री इशाच्या नमाजनंतर मशिदीत तरावीहची नमाज सुरू होते. महिनाभरात या नमाजमध्ये संपूर्ण कुरआन ऐकवण्याचा रिवाज आहे. पुढे उभा राहून तोंडपाठ पठण करतो तो हाफिज. कुरआनचे ३० पारे पाठ असलेला माणूस, त्यामुळे त्याचा मान मोठा. तरीही शक्य असेल तिथे त्याच्या मागे पहिल्या रांगेत आणखी एक हाफिज उभा केला जातो. त्याला ‘सामे’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. पुढच्याचा शब्द अडला किंवा एखादी आयत सुटली, की मागचा लगेच मोठ्याने बरोबर शब्द सांगतो. याला ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. पुढचा हाफिज तो घास घेतो, चूक सुधारतो आणि पठण पुढे चालू होते. कोणी हसत नाही. मोठ्या माणसाचा अपमान झाला, असेही कोणाला वाटत नाही.

रोजच्या नमाजमध्येही इमामांकडून काही राहिले, तर मागच्याने ‘सुब्हानल्लाह’ म्हणून सावध करायचे असते. काही चुकांसाठी शेवटी दोन जादा सजदे करून नमाज पूर्ण करता येते. माणूस चुकणार, हे इथे आधीच धरलेले आहे. चूक दाखवणाऱ्याची जागा ठरलेली आहे आणि ती सुधारण्याची रीतही ठरलेली आहे.

अशी जागा आपल्या दवाखान्यांत आहे का?

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हे दोन्ही सह्याद्रीच्या कुशीतले. भाटघर, नीरा देवघर आणि पानशेत धरणांच्या पाण्याने वेढलेली गावे, डोंगरातल्या वाड्या-वस्त्या, धो धो पाऊस आणि वळणांचे रस्ते. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्यांच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे. पण रुग्णाची प्रकृती फार बिघडली तर पुण्याचे ससून गाठावे लागते. चेलाडी फाट्यापर्यंत किंवा कापूरहोळपर्यंत यायचे, मग महामार्ग, मग शहरातली वाहतूक. इथे वाया गेलेली १५ मिनिटे नंतर भरून निघत नाहीत.

अशा एखाद्या केंद्रात रात्री बाळंतपण झाले, असे समजा. डॉक्टर तपासून गेले आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणाले. नुकतीच रुजू झालेली सिस्टर पाहते, तर बाईचे कपडे पुन्हा भिजलेत, नाडी जलद चालली आहे. तिला शंका येते. पण सरांना झोपेतून उठवले आणि काहीच निघाले नाही तर? मागच्या महिन्यात सर्वांसमोर ‘तुला काय कळतं?’ असे ऐकून घ्यावे लागले होते. ती आणखी थोडा वेळ वाट पाहायचे ठरवते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हा ‘थोडा वेळ’च जीव घेतो. औषध कपाटात असते, १०८ची गाडी दारात असते, ज्ञानही असते. कमी पडते ते एक वाक्य बोलण्याचे बळ.

या बळाला अभ्यासक ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. प्रश्न विचारला, शंका काढली किंवा स्वतःची चूक सांगितली तरी आपली नाचक्की होणार नाही, आपल्यावर डूख धरला जाणार नाही, असा सहकाऱ्यांविषयीचा भरवसा म्हणजे मानसिक सुरक्षितता. ही संज्ञा रूढ करणाऱ्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या चमूकडून चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटेच आले. चांगल्या चमूंत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की ती माणसे जास्त चुकत नव्हती, ती चुका लपवत नव्हती. जिथे भीती होती, तिथे वही कोरी राहत होती.

कोरी वही महाराष्ट्राच्याही ओळखीची आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यातून समोर आले. मृत्यू नोंदवला की ‘कारणे दाखवा’ नोटीस येणार असेल, तर खालचा कर्मचारी तो कशाला नोंदवेल? आणि नोंदच नसेल, तर वरचा अधिकारी उपाय कशावर करेल? याच बंग दांपत्याच्या गडचिरोलीतील कामात गावातल्या साध्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. त्यांनी नोंदलेला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू खरा मानून त्यावर उपचारांची आखणी झाली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले.

दुसरे उदाहरण भोरच्या अगदी शेजारचे. वरंधा घाट उतरून महाडकडे जाताना बिरवाडी लागते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर तरुणपणी रुजू झाले. विंचूदंशाने माणसे मरत होती. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी पाहिले, की विषाचा मुख्य घाला हृदयावर पडतो आहे. प्रचलित उपचार अपुरे आहेत, असे आडवळणाच्या केंद्रातला एक नवखा डॉक्टर म्हणत होता. त्यांनी ते लिहून थेट ‘लॅन्सेट’ला पाठवले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण बावस्करांचा हट्ट प्रत्येकाकडे नसतो. आशाताईने, सिस्टरने, गाडीच्या चालकाने पाहिलेली गोष्ट ऐकली जावी, यासाठी तिला बावस्करांइतके चिवट असावे लागू नये.

बोलण्याची भीती येते कुठून? एक वाट उतरंडीची आहे. वरिष्ठाच्या ओरडण्याला आपण ‘शिस्त’ म्हणतो आणि कनिष्ठाच्या गप्प बसण्याला ‘संस्कार’. त्यात जात, धर्म, बोली आणि बाईपण मिसळले की ओझे दुप्पट होते. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. त्या आदिवासी तडवी भिल्ल मुस्लिम समाजातल्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अशा मृत्यूनंतर मोर्चे निघतात. पण त्याआधीच्या महिन्यांत तिला ‘तू कशी आहेस?’ असे कोण विचारते, हा प्रश्न उरतोच.

दुसरी वाट नोकरीच्या अनिश्चिततेची. कंत्राटी सिस्टर किंवा मानधनावरची आशा वरिष्ठाला टोकताना आधी पुढच्या कराराचा विचार करते. तिसरी वाट आपल्यापासून, म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकांपासून निघते. दवाखान्यासमोर जमणारी गर्दी, हातातले मोबाइल, चढलेले आवाज. डॉक्टर-परिचारिकांवरील हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण गर्दीच्या धाकाने चूक टळत नाही, फक्त लपते.

उपाय फार खर्चिक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत १९ बाबी आहेत. त्यातली एक अशी, की चिरफाड सुरू होण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा नाव घेऊन बोललेला माणूस पुढे गरज पडल्यावरही बोलतो, हा त्यामागचा साधा विचार. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांत ही यादी वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आपल्या देशातही मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या प्रकरणांचा आढावा घेताना ‘नाव नको, दोष नको’ हे तत्त्व सरकारनेच सांगितले आहे. छोट्या केंद्रात एवढे तरी करता येईल: सकाळी १० मिनिटे सर्वांनी एकत्र उभे राहायचे, तोंडी सांगितलेला औषधाचा डोस सिस्टरने परत म्हणून दाखवायचा आणि साहेबांनी रोज एकदा म्हणायचे, ‘माझं काही चुकत असेल तर लगेच सांगा.’ सांगणाऱ्याला त्यांनी ‘बरं झालं सांगितलंत’ म्हटले, की अर्धे काम झाले.

याचा अर्थ हलगर्जीपणाला माफी, असा नाही. दारू पिऊन कामावर येणे, पैसे मागणे, रुग्णाला हाकलणे या चुका नव्हेत, अपराध आहेत. त्यांना शिक्षा व्हावीच. पण दमलेल्या हाताकडून झालेली चूक आणि बेपर्वाई एकाच तराजूत तोलली, तर प्रामाणिक माणूस आधी गप्प बसतो.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी जवळचा होतो. रोजा असलेल्या सिस्टरला दुपारी चारला म्हणता आले पाहिजे, ‘आज जरा गरगरतंय, हा डोस तुम्ही एकदा तपासा.’ एकादशीचा किंवा नवरात्रीचा उपवास असलेल्या तिच्या मैत्रिणीलाही ते म्हणता आले पाहिजे. मधुमेहाचे रुग्णही उपवास लपवतात, कारण डॉक्टर ओरडतील. मग इन्सुलिन तेवढेच टोचले जाते आणि साखर एकदम उतरते. खरे तर आजाऱ्याला रोजातून सवलत आहे आणि बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. रागावण्याऐवजी डॉक्टरांनी ‘उपवास करणार आहात का?’ एवढे विचारले, तर गोळ्यांच्या वेळा बदलता येतात.

रोजा हा पोटाइतकाच जिभेचाही असतो, ही या महिन्याची शिकवण. कोणी भांडायला आला तर रोजेदाराने उलट भांडू नये, आपला रोजा असल्याचे सांगावे. दवाखान्याच्या दारात हा संयम कोणत्याही धर्माच्या माणसाला कोणत्याही महिन्यात पाळता येईल. आणि पुढे कधी खाटेजवळ उभे असताना सिस्टरने डॉक्टरांना थांबवून ‘सर, हा डोस एकदा बघता का?’ असे विचारले, तर ‘यांनाच काही कळत नाही’ असे म्हणू नये. आपला माणूस सुरक्षित हातांत आहे, असे समजावे.