शेवटची तारीख, एक नोव्हेंबर

सकाळी ६.००
आज मध्य प्रदेशाचा स्थापना दिन, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच नामांकित कॉलेजांच्या ‘अर्ली’ अर्जांची शेवटची तारीखही. मी बुऱ्हाणपुरात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते आणि ऑगस्ट ते जानेवारी, शाळेच्या आधी-नंतर, परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांचे निबंध वाचते. ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक अर्जाचा साडेसहाशे शब्दांचा मुख्य निबंध सगळ्या कॉलेजांना एकच जातो. तो दसरा-दिवाळीच्या सुमारास हातावेगळा होतो. दमवतात ते पुरवणी निबंध. दर कॉलेजचे प्रश्न वेगळे, आणि उत्तर बहुतेकदा अडीचशे-तीनशे शब्दांत बसवायचं. चहा उकळेपर्यंत रात्री आलेले खर्डे छापून घेते. कागदावर पोकळ वाक्य लवकर सापडतं.

७.१५
पॉवरलूमवाल्या घरातला मुलगा येतो. प्रश्न आहे, तुम्ही जिथे वाढलात त्या जागेनं तुम्हाला कसं घडवलं? त्यानं लिहिलंय: बुऱ्हाणपूर हे तापीकाठचं ऐतिहासिक शहर, १६३१ साली मुमताज महल इथेच वारली. सगळं खरं आहे.
“पण यात तू कुठे आहेस रे?”
गप्प.
“शाळेतून आल्यावर काय करतोस?”
“काही नाही मॅडम. कांड्या भरतो.”
मग हळूहळू बाहेर येतं. लूममध्ये काही बिघडणार असलं की वडिलांना ते आवाजावरून आधीच कळतं. त्यांना काय ऐकू येतं ते शोधायला यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, कॉम्प्युटरवर त्याचे आलेख काढले. पण शेजारचे लूम त्यात मिसळतात, काहीच वेगळं निघत नाही.
“हेच लिही. नाही जमलं तेही लिही, आणि आता पुढे काय करून बघणार तेही.”
मुमताजचा परिच्छेद काटला. जागा झाली.

१०.३०
शाळेत स्थापना दिनाचा कार्यक्रम. तो आटोपल्यावर मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये. अर्जासोबत शाळेच्या काउन्सेलरचं पत्र लागतं. आमच्याकडे काउन्सेलर नाही, त्यामुळे ते काम प्राचार्यांच्या गळ्यात. अर्ज करणाऱ्या एका मुलीच्या पत्रात ‘आज्ञाधारक, कष्टाळू, मनमिळाऊ’ एवढंच आहे. मी विचारते, “सर, या मुलीचा एखादा प्रसंग आठवतो?” आठवतो. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी तिला चुकीचं ठरवलं, तेव्हा ती वही घेऊन परत त्यांच्याकडे गेली होती. पत्रातली तीन विशेषणं जातात, हा प्रसंग येतो.

दुपारी १.३०
तीच मुलगी व्हिडिओ कॉलवर. घर रावेरला, केळीची बाग. अर्ज कॉर्नेलच्या कृषी महाविद्यालयाला. ‘इथेच का?’ या प्रश्नाला तिचं उत्तर: जगप्रसिद्ध प्राध्यापक, सुंदर परिसर, जगभरातले विद्यार्थी.
“कॉर्नेलचं नाव खोड आणि दुसऱ्या कुठल्याही कॉलेजचं घाल. वाक्य चालतंय?”
“चालतंय.”
“मग ते काढ.”
तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. सीएमव्ही, म्हणजे ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ची लागण झालेली केळीची झाडं वडिलांसोबत तिनं स्वतः उपटली आहेत. या विषाणूच्या नावातच काकडी आहे, आणि त्याला दाद न देणारी ‘मार्केटमोर’ ही काकडी कॉर्नेलच्या हेन्री मंगर यांनी काढली. कॉर्नेलच्या परिसरात केळीची शेती होत नाही, हे ती मोकळेपणी लिहिते. काकडीत जे साधलं ते केळीत इतकं अवघड का, हा तिचा प्रश्न. बियांवाचून वाढणाऱ्या पिकात संकर करणं कठीण, इथून ती सुरुवात करते. आता हे उत्तर दुसऱ्या कॉलेजला पाठवता येणार नाही.

४.३०
स्टॅनफर्ड होणाऱ्या रूममेटला पत्र लिहायला सांगतं. समोरच्या मुलाचं पत्र फारच गुळगुळीत आहे. चॅटबॉटनं लिहिलंय, हे तो लगेच कबूल करतो. तसा मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅप फसवणुकीत धरतं, हे त्याला सांगते. पत्रात बुऱ्हाणपूरची १६१५ सालची भूमिगत पाणीयोजना, कुंडी भंडारा आहे, भुयारांतून आपोआप वाहत येणारं पाणी आहे.
“तू खाली उतरलायस?”
“दरवेळी पाहुणे आले की मलाच पाठवतात. भिंतींवर चुन्याचे थर एवढे चढलेत मॅडम, की काही ठिकाणी अंग चोरून जावं लागतं. मी सगळ्यांना हात लावून बघायला लावतो. मावशी वैतागते.”
पाहुण्यांना पिडणारा हा मुलगा रूममेटला जास्त आवडेल. पत्र त्याच्यापासून नव्यानं सुरू होतं.

७.००
रावेरहून मुलीच्या वडिलांचा फोन. “ताई, सही कशावर करायची आहे?” ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असा करार. विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघांची सही लागते. आर्थिक मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येतं, हेही सांगते. हार्वर्ड, एमआयटीसारखी थोडी कॉलेजं परदेशी मुलांनाही पैशांचा विचार न करता निवडतात. कॉर्नेल त्यांत नाही. मदत मागितली की स्पर्धा आणखी कडक होते. उत्तम निबंधानं हा हिशेब बदलत नाही, तो पालकांना आधीच कळलेला बरा.
“एवढं लिहिलेलं कोणी वाचतं का पण?”
मी त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगते. १८८३ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचं पत्र लिहिलं. काय शिकलो ते सांगितलं, सगळ्या अटींत कदाचित बसत नसू हेही सांगितलं, आणि आपल्या देशातल्या बायकांसाठी डॉक्टर का व्हायचंय ते लिहिलं. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या.
“बरं,” ते म्हणतात, “सही करतो.”

रात्री १०.००
कॉमन अ‍ॅपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनं रात्री ११.५९. म्हणजे आमच्याकडे अजून दोन तास. प्रत्येकाला शेवटची पीडीएफ मोठ्यानं वाचायला लावते. एका निबंधात भलत्याच कॉलेजचं नाव राहिलेलं सापडतं. मध्ये लाईट जाते, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालू राहतं. अकराच्या आत सगळे अर्ज गेले.
लूमवाल्या मुलाचा मेसेज: “मॅडम, अब?”
निकाल डिसेंबरच्या मध्याला. तोवर एक जानेवारीची मुदत असलेल्या कॉलेजांचे निबंध आहेत, फेब्रुवारीत बोर्ड आहे. त्याला लिहिते: उद्या केमिस्ट्री कर. रविवारी दुसऱ्या यादीचे प्रश्न घेऊन ये.