अरण्याचा वाटाड्या

मुंबई व ठाणें यांच्या दाट वस्तीनें वेढलेलें, सुमारें 103 चौरस किलोमीटर विस्ताराचें एक अरण्य आहे, हें परगांवच्या मनुष्यास सहसा खरें वाटत नाहीं. बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तें हेंच. याच्या कुशींत विहार व तुळशी हे तलाव आहेत. विहार 1860 सालीं व तुळशी 1879 सालीं बांधून पुरा झाला. त्यांत उतरणारें पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालची झाडी राखली गेली, आणि पाण्याबरोबर अरण्यही वांचलें.

या उद्यानांत निसर्ग माहिती केंद्र आहे, आणि 1883 सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें शिक्षणकेंद्र याच अरण्याच्या काठीं गोरेगांवास आहे. बहुतेक मुलें मात्र बोरिवलीस पोहोंचलीं कीं जाळीच्या गाडींतून वाघसिंह पाहावयास धांवतात. सिंह हा या अरण्याचा रहिवासी नव्हेच! येथील खरे रहिवासी ओळखण्यास वाटाड्या लागतो, व तें काम अशा केंद्रांचें.

कारवीचेंच उदाहरण घ्या. हें झुडूप डोंगरउतारांवर सात वर्षें नुसतें पानांनीं वाढतें, आणि आठव्या वर्षीं सारा उतार एकदम जांभळा करून टाकतें. 2008 व 2016 हीं अशीं वर्षें होतीं. फुलांनंतर बीं धरतें व झुडूप मरतें. उरतात त्या वाळक्या बोंडांतील बिया. तें वाळलेलें रान निरुपयोगी समजून कोणी पेटविलें, तर आठ वर्षांची पुंजी एका दुपारीं जळून जाते.

बिबळ्याची गोष्ट याहून निकडीची आहे. 2004 सालीं या अरण्याच्या कडेस बिबळ्यांनीं अनेक माणसांचे बळी घेतले. ‘पकडून दूर नेऊन सोडा,’ हाच उपाय कोणासही प्रथम सुचेल. परंतु जुन्नर भागांत पकडून अन्यत्र सोडलेल्या बिबळ्यांचा विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं अभ्यास केला, तेव्हां सोडलेल्या ठिकाणांजवळच माणसांवरील हल्ले वाढल्याचें आढळलें. बोरिवलीच्या बिबळ्यांच्या आहारांत गांवकुत्र्यांचा वांटा मोठा आहे. कुत्रीं पोसलीं जातात तीं आपण उघड्यावर टाकलेल्या उष्ट्याखरकट्यावर, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबळ्या दाराशीं येतो. म्हणून पालकांस विनंति आहे कीं, अरण्याकांठीं राहणाऱ्यांनीं कचरा उघड्यावर टाकूं नये, अंधार पडल्यावर लहान मुलांस एकटें बाहेर धाडूं नये, आणि बिबळ्या दिसल्यास गर्दी करून त्याची वाट अडवूं नये.

विद्यार्थिमित्रहो, सहलीस जावयाचें तर सोमवार टाळा. त्या दिवशीं उद्यान बंद असतें. पाऊस ओसरल्यावर जाणें उत्तम. जाणत्या मार्गदर्शकाबरोबर पायीं चला, वही-पेन्सिल जवळ ठेवा, आणि खाण्याच्या पिशव्या मिरवूं नका. तेथील माकडें त्या हातांतून हिसकावून घेतात.