पुणे डिव्हिजनच्या जनरलची पत्रं

पॅरिसमधल्या एका सावकार घराण्यातल्या दोन लहान बहिणींचं चित्र रेनवार या चित्रकाराने १८८१ साली रंगवलं. दोघींना झालरीचे पांढरे झगे. एकीचा कमरपट्टा गुलाबी, दुसरीचा निळा. त्यातली गुलाबी पट्ट्याची मुलगी ॲलिस. १८९८मध्ये तिचं लग्न चार्ल्स टाउनशेंड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याशी झालं. पुढे पहिल्या महायुद्धात नवऱ्याने तिला आघाडीवरून जी पत्रं लिहिली, त्यांत पुण्याच्या नावाची एक अख्खी फौज आहे.

ब्रिटिश हिंदी लष्कराची सहावी डिव्हिजन 'पुणे डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाई. नोव्हेंबर १९१४मध्ये ती आजच्या इराकच्या किनाऱ्यावर उतरली आणि एप्रिल १९१५मध्ये टाउनशेंड तिचा सेनापती झाला. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांमधून भरती झालेले तरुण तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने निघाले होते.

३१ मे १९१५ची कुर्नाची लढाई तर पुराच्या पाण्यातच झाली. शिपाई तिथल्या अरुंद होड्यांना बांबूने रेटा देत तुर्कांच्या ठाण्यांवर चालून गेले. पाठोपाठ ३ जूनला टाउनशेंडने मूठभर माणसांनिशी अमारा शहर घेतलं.

अशा विजयांबद्दल त्याने ॲलिसला लिहिलं, त्यात आनंद मावत नाही. आपल्याला फक्त एक संधी हवी होती, याची तो तिला आठवण करून देतो. 'कॉमेट' बोटीवर आपण उभे असताना गोऱ्या आणि हिंदी शिपायांनी केलेला जयजयकार तू पाहायला हवा होतास, असं सांगतो. शिपायांना जीव लावायला भाग पाडेल असं काहीतरी आपल्यात असावं, आपण म्हटलं तर ही डिव्हिजन साक्षात नरकाच्या दारावरही धडक देईल, अशी त्याची खात्री आहे. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात माणूस शब्द तोलून वापरतो. बायकोला लिहिताना तो मोकळा होतो, म्हणून या पत्राचं मोल मोठं. पण ते वाचताना मन खट्टूही होतं. ज्यांच्या जिवावर हा आनंद उभा आहे, ते शिपाई पत्रात फक्त जयजयकार करण्यापुरते येतात.

सप्टेंबरअखेर त्याने कूत शहरही जिंकलं. थकलेल्या फौजेनिशी बगदाद गाठणं धोक्याचं आहे हे टाउनशेंडला कळत होतं, खासगी पत्रव्यवहारात त्याने ते लिहिलंही होतं. तरी हुकूम आला आणि तो पुढे गेला. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुंबळ लढाई झाली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि डिव्हिजन माघार घेत ३ डिसेंबरला कूतला परतली. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला. तो जवळपास पाच महिने चालला.

शिधा संपत आला तसे घोडे कापले जाऊ लागले. हे मांस बहुतेक हिंदी शिपायांनी धर्माच्या धाकाने कितीतरी दिवस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवावी लागली. उपाशी शरीरांना स्कर्व्हीने गाठलं. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, पण एवढ्या तोंडांना ते कुठवर पुरणार? २९ एप्रिल १९१६ला तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि कैदेत असतानाच 'सर' हा किताबही. शिपायांना मात्र वाळवंटातून रास-अल-ऐनकडे पायी हाकलत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांतले हजारो परतले नाहीत.

ॲलिसला आलेली पत्रं जपली गेली. १९२८मध्ये निघालेल्या टाउनशेंडच्या चरित्रात त्यांतले उतारे छापले गेले, म्हणून ती आज वाचता येतात. मराठा शिपायाचं पत्र बहुधा दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं असे. गावी त्याची बायको ते मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून वाचून घेई, चारचौघांत, पदर सावरून. अशा पत्रात मनातलं किती लिहिलं जाणार, आणि तो कागद किती पावसाळे टिकणार?

बसऱ्याजवळ या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक आहे, चाळीस हजारांहून अधिक जणांचं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, गोऱ्या शिपायांचीही कोरली. हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आहे आणि त्याखाली फक्त आकडा.