कावळ्यांची चंगळ, टिटवीचे हाल

मुलांनो, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या तारांवर कावळे बसलेले तुम्ही पाहिलेच असतील. खाली उघडा कचरा, उष्टं अन्न. त्यांची चंगळच! माणसांची वस्ती वाढली, की कावळेही वाढतात. पण पोट भरलं म्हणून कावळा अंडी-पिल्लं पळवायचं सोडत नाही.

फटका बसतो टिटवीला. ती मोकळ्या जमिनीवरच साधारण चार अंडी घालते. मातीच्या रंगाची ती अंडी सहज दिसत नाहीत. पण आपण जवळ गेलो, की टिटवी उठते आणि तारेवरच्या कावळ्याला जागा कळते!

चारांतलं एखादं अंडं वाचेलही. पण माळढोकाचं काय? त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. तोही जमिनीवरच वीण करतो आणि मादी बहुधा एकच अंडं घालते. ते गेलं, की सगळंच गेलं! आज देशात माळढोक फारच थोडे उरलेत.

मग कावळा दुष्ट का? छे! ताट आपणच वाढून ठेवलंय. तेव्हा डब्यातलं उष्टं उघड्यावर टाकू नका. आणि टिटवी ओरडू लागली, की हळूच मागे फिरा. कराल ना एवढं?