टॉमीगनचे पावणेदोन सेकंद

थॉम्पसन सबमशीनगन, म्हणजे जुन्या फौजी बोलण्यातली टॉमीगन, मिनिटाला साधारण 700 गोळ्या झाडते. तिच्या सरळ मॅगझिनमध्ये मावतात 20 किंवा 30. भागाकार करून पाहा. चाप दाबून धरला तर 20 गोळ्यांचे मॅगझिन पावणेदोन सेकंदांत रिकामे होते, 30 चे अडीच सेकंदांत. युद्धपटातला नायक मात्र असली बंदूक मिनिटभर न थांबता चालवतो. त्या एका मिनिटाला 20 गोळ्यांची 35 मॅगझिन लागतील. नुसत्या काडतुसांचे वजनच चौदा-पंधरा किलो भरेल. ते पडद्यावर कोणाच्या अंगावर दिसत नाही.

रायपूरला आमच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे मराठी घरे या गावाला नवी नाहीत. युद्धपट इथेही मन लावून पाहिले जातात, आणि सिनेमा संपला की मुले हवेतल्या बंदुकीने तसाच न संपणारा मारा करतात. त्या मुलांना यशवंत घाडगे यांची लढाई सेकंदांच्या हिशेबाने सांगायला हवी.

नाईक यशवंत घाडगे कोकणातले, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले. वय 22. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. जर्मन फौजेची त्या काळची एमजी-42 मिनिटाला 1200 च्या आसपास गोळ्या ओकत असे, म्हणजे सेकंदाला 20. एकटे घाडगे सोडले तर तुकडीतला प्रत्येक जण पडला किंवा जखमी झाला. ते थेट मोर्चावर धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. समोर दोघे उरले.

इथे थांबून मॅगझिन बदलणे म्हणजे काय ते पाहू. अंगठ्याने कळ दाबायची, रिकामे मॅगझिन खाली ओढायचे, पट्ट्यावरच्या पाऊचमधून भरलेले काढायचे, खाचेत बरोबर सरकवून बसल्याची खात्री करायची. हात घामेजलेले, समोर माणसे. सराव असला तरी तीन-चार सेकंद जातात, आणि हातभर अंतरावर तीन-चार सेकंद फार असतात. घाडगे यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात स्पष्ट नोंद आहे की मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि पाचेक किलोच्या त्या लोखंड-लाकडाने उरलेल्या दोघांना संपवले. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच मोर्चात पडले.

न संपणाऱ्या बंदुकीच्या सिनेमात हा प्रसंग घडूच शकत नाही. म्हणून मला हत्यारांतल्या चुका किरकोळ वाटत नाहीत. मॅगझिन मोजायचे सोडले की शौर्याचा सगळ्यात खरा क्षण गळून पडतो.

बाकीचे आकडेही असेच चक्रावून टाकणारे आहेत. एके-47 ची गोळी जेमतेम 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 715 मीटर. 70 किलोच्या माणसात ती पूर्ण रुतली तरी त्याला मिळणारी गती सेकंदाला अवघी 8 सेंटीमीटर, चालण्याच्या वेगाचा सोळावा भाग. म्हणजे गोळी लागून माणूस मागे भिरकावला जात नाही. तेवढाच धक्का चालवणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो. समोरचा उडाला असता तर हाही उडाला असता. आवाजाचेही तसेच. साधे बोलणे 60 डेसिबल, रायफलीचा बार 150 च्या वर. फरक 90 चा दिसतो, पण हे माप दर दहाला दहापटीने चढते, म्हणून तीव्रतेतला फरक शंभर कोटी पट. बार काढून लगेच कुजबुजणाऱ्या नायकाला खरे तर कानातल्या शिट्टीखेरीज काही ऐकू येणार नाही.

आणि कारगिल. 1999 च्या त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक तोफगोळे आणि रॉकेटे डागली. भर लढाईत दिवसाला पाच हजार धरले तर रात्रंदिवस दर सतरा सेकंदांना एक. बोफोर्स तोफेचा एक गोळा 43 किलोच्या घरातला. पडद्यावर कडा चढणारा जवान दिसतो, आणि तो दिसायलाच हवा. पण त्याच्या डोक्यावरून जाणारे हे पोलाद दोन-चार धमाक्यांत उरकले जाते. त्यातही पेट्रोलच्या केशरी ज्वाळा. खऱ्या गोळ्याने उडतात धूळ, दगड आणि कपच्या.

घाडगे यांच्यानंतर नऊ महिन्यांनी, 9 एप्रिल 1945 ला, इटलीतच सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांच्यावर हीच वेळ वेगळ्या रूपात आली. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले, रेजिमेंट तीच. जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून त्यांनी सुखरूप नेले, एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल केली, टॉमीगनने तो गप्प केला. मग हाताला गोळी लागली. चाप ओढता येईना, तेव्हा त्यांनी टॉमीगन फेकून दिली आणि पुढचे मोर्चे हातबॉम्बने उडवले. तेही संपले की मागे सरपटत जाऊन आणखी आणले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यायला ते जिवंत होते.

या दोघांवर कोणी चित्रपट करायला घेतला तर माझे एकच मागणे आहे: संपादनाच्या टेबलावर घड्याळ ठेवा, आणि पावणेदोन सेकंदांनंतर टॉमीगन थांबवा.