सांधेदुखीची रांग आणि हरवलेला वेळ

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात. चहाचा कप धरवत नाही, कणीक मळायची तर तासभर थांबावे लागते. घरातल्या गृहिणीची अशी तक्रार सहसा ‘वात आहे’ म्हणून बाजूला पडते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले घर असो की पुणे जिल्ह्यातला एखादा मळा, आधी तेल, शेक आणि शेजारणीचा सल्ला होतो. मग मोठ्या रुग्णालयाची रांग. त्या रांगेत गुडघे झिजलेल्या आजी असतात, मान धरलेले कारकून असतात आणि ही गृहिणीही असते. नंबर मात्र चिठ्ठीच्या क्रमानेच लागतो.

खरा धोका इथेच आहे. झिजलेला गुडघा काही महिने थांबू शकतो. आमवात थांबत नाही. ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्यांच्या अस्तरावरच उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुप्पट-तिप्पट प्रमाणात होतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाचवता येतात. एकदा झालेली मोडतोड मात्र भरून येत नाही.

मग गर्दीतून असा रुग्ण आधी हेरायचा कोणी? त्यासाठी प्रत्येक वेळी डॉक्टरच हवा असे नाही. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवण गावात हे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ योजनेखाली गावातल्याच २१ प्रशिक्षित स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत ४,०९२ प्रौढांची घरोघरी विचारपूस केली. ७४६ जणांना सांध्या-स्नायूंचे दुखणे होते. आमवात निघाला तो गावातल्या प्रौढांपैकी जेमतेम अर्धा टक्का लोकांना! दुखणारे शेकडो, घाईचे थोडेच.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हीच चाळणी रुग्णालयात लावतात. अस्थिरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षायादीतील रुग्णांना अनुभवी फिजिओथेरपिस्ट आधी तपासतात. अनेकांचे व्यायामावर भागते आणि तातडीचा रुग्ण पुढे सरकतो. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्ट आणि इतर सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. छत्तीसगडमध्ये तर २००२ पासून ‘मितानीन’ घरोघरी जात आल्या आहेत. त्यांना चार नेमके प्रश्न शिकवले तरी पुष्कळ काम होईल.

ते प्रश्न घरच्यांनीही विचारावेत. सकाळची आखड अर्ध्या तासाहून जास्त टिकते का? दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात का? हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालू आहे का? घरातला तरुण मुलगा कंबरदुखीने पहाटे जागा होतो आणि हिंडल्या-फिरल्यावर त्याला बरे वाटते का? तसे असेल तर तो मणक्याचा संधिवातही असू शकतो.

उत्तर ‘हो’ आले तर रांगेत मुकाट्याने उभे राहू नये. खिडकीवर, परिचारिकेला, फिजिओथेरपिस्टला ही लक्षणे स्पष्ट सांगावीत आणि संधिवाततज्ज्ञाकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. रक्ततपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणूनही निर्धास्त होऊ नये; काही रुग्णांत ती तशीच येते. अशा वेळी संकोचापेक्षा हातांची बोटे मोलाची.